मागच्या सीटवरचं वजन

१

मी एकटी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर तीन ठिकाणच्या शहाण्यांनी लिहून दिलं की मी एकटी नव्हते, आणि त्यातल्या एकानेही ते माझ्या तोंडावर सांगितलं नाही. मला पत्र आलं. टाइप केलेलं, खाली सही, वर क्लबचं बोधचिन्ह.

आमच्या मोटार क्लबची फेब्रुवारीतली ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. तिथे घड्याळाला फारशी किंमत नसते. इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या कडेने जेवढे म्हणून उभे, चिखलाचे, देवाने आणि पंचायतीने टाकून दिलेले गाडीरस्ते आहेत तेवढे शोधून काढायचे, आणि न थांबता त्यांवरून गाडी वर न्यायची, एवढाच खेळ. थांबलात की संपलं. प्रत्येक चढणीवर एक निरीक्षक हातात कार्ड घेऊन उभा असतो आणि जे दिसेल ते लिहितो. त्याचं मत कोणी विचारत नाही, आणि त्याने कार्डावर लिहिलं त्यापुढे अध्यक्षांचंही काही चालत नाही.

हलक्या गाडीची पंचाईत अशी, की चढ उभा झाला की मागच्या चाकांवर भार राहत नाही आणि ती जागच्या जागी चिखल घुसळत बसतात. म्हणून मागच्या सीटवर एक माणूस ठेवतात. चाक सुटायला लागलं की त्याने धपाधप उड्या मारायच्या. बघणाऱ्याला हसू येतं, पण गाडी वर जाते. चार वर्षं हे काम माझ्या धाकट्या बहिणीने, डोराने केलं. डोरा अंगाने चांगली भरलेली आणि तिला त्याची लाज नव्हती. मी "आता!" म्हणून ओरडायचे आणि ती अशी आदळायची की मागचे कमानपाटे कुईं करून ओरडायचे. मागच्या उन्हाळ्यात तिने लग्न केलं आणि ती कॅनडाला गेली. तिच्या नवऱ्याविषयी मी काही बोलणार नाही. त्याला मोटारीतलं काही कळत नाही, एवढं पुरे.

तेव्हा यंदा मी एकट्यांच्या गटात नाव दिलं. या गटात गाडीत चालकाशिवाय कोणीही बसायचं नाही. आमचे अध्यक्ष मिस्टर पेग्लर दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे. त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "एकट्या, मिस प्रॉसर? अगदी एकट्या?" मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

माझी गाडी पॉली. सात अश्वशक्तीची, उघडी, पुढे दोन जागा आणि मागे मुलांना पुरेल एवढी एक अरुंद सीट. तिचा एकेक खिळा मी स्वतः बसवलेला आहे. वडिलांच्या मागे चौरस्त्यावरची दुरुस्तीची शेड मीच चालवते आणि अर्ध्या क्लबच्या गाड्या माझ्याकडेच येतात. लोक गाडी निर्धास्तपणे माझ्यावर सोडून जातात, कारण हेस्टर प्रॉसर म्हणाली की बेअरिंग गेलंय, तर ते गेलेलंच असतं. माझं सगळं दुकान त्या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिली चढण हॉलो लेन. पॉली सरळ वर गेली. वर निब्लेट बंधू होते, दोघेही शाळामास्तर, दोघांत मिळून एक कार्ड. धाकट्याने टोपी हलवली आणि म्हणाला, "शाब्बास! दोघांनीही कमाल केली!"

मला वाटलं, तो मला आणि पॉलीला म्हणतोय. मला फार बरं वाटलं, तेही खोटं का बोलू.

२

दुसरी चढण क्वारी बँक. तिथे मधल्या वळणावर चाक सुटलं आणि मी सवयीने ओरडले, "आता!" चाकाने जमीन धरली. आपण रिकाम्या सीटला हुकूम सोडला हे लक्षात येऊन मला हसू फुटलं. वर आमच्या पाद्रींच्या पत्नी, मिसेस कलिमोर, छत्रीखाली कार्ड धरून उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्याच्या किंचित वर कुठेतरी पाहिलं, मग घाईने मान खाली घालून लिहायला लागल्या. बाई माझ्यावर नाराज आहेत असं मला वाटलं. त्यांच्या मते बायकांनी गाडी चालवू नये, आणि चालवलीच तर हसू नये.

क्वारी बँकेनंतर तीन मैल सपाट रस्ता आहे. त्या रस्त्यावर पाटे वाजायला लागले.

हा आवाज मला चार वर्षं पाठ आहे. रिकामी असताना पॉली वाजत नाही. मागे कोणी बसलं आणि खड्डा आला, की कुईं. मग पुढचा खड्डा, पुन्हा कुईं. मी गाडी कडेला घेतली, उतरले, मागे बघितलं. हत्यारांची गुंडाळी होती. कागदात बांधलेला पोर्क पाय होता, मैद्याच्या पारीत मांस भरून भाजलेला, दुपारच्या जेवणाचा. पाटे कोरडे झाले असतील असं मी म्हटलं, कारण फेब्रुवारीत सगळंच गंजतं. तेलाचे चार थेंब सोडले आणि भूक लागली होती म्हणून तो कागद उघडला.

पोर्क पाय चपटा झाला होता. एका बाजूने दबला असता, कोपरा मोडला असता, तर मी समजू शकले असते. रस्ता खराब होता. पण तो सगळा एकसारखा सपाट झाला होता आणि चरबी कागदातून बाहेर आली होती. गुंडाळीतला पाना त्यावर पडला असणार असं मी ठरवलं. गुंडाळीचे बंद बांधलेलेच होते, पण माणूस चिडला की एवढं बारकाईने बघत नाही. मी तो तसाच उभ्याने खाल्ला.

तिसरी लँटर्न पिच. त्या दिवशी तिने सतरा गाड्या खाल्ल्या. मिस्टर पेग्लर यांची मोठी गाडी मधल्या वळणावर आडवी झाली होती आणि शेतावरचे घोडे लावून तिला ओढणं चाललं होतं. ते स्वतः चिखलात उभे राहून घोड्यांना सूचना देत होते. रस्ता मोकळा झाला आणि माझा नंबर आला. चाकांची पकड वाढावी म्हणून टायरमधली हवा मी निम्मी काढली, पहिला गिअर टाकला आणि सोडली गाडी. पहिल्या वळणावर ओरडले, दुसऱ्यावर ओरडले, आणि शेवटच्या दगडी पायरीजवळ तर ओरडत आणि हसत अशी दोन्ही करत गेले. खांदे उबदार झाले होते. वाऱ्यात कान बधिर झाले होते आणि खांदे मात्र उबदार, हे मला तेव्हाही जाणवलं. मेहनतीने होतं तसं.

वर बांधावर एनॉक विथी उभा होता. तो रस्ता त्याच्या शेतातून जातो, म्हणून दरवर्षी तिथलं कार्ड त्याच्या हातात देतात. पेन्सिल ओली करून, एकेक अक्षर कोरत तो बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला.

एकट्यांच्या गटात तिन्ही चढणी न थांबता पार करणारी मी एकटीच निघाले. ती रात्र मी फार छान झोपले.

३

पत्रात लिहिलं होतं की सुरुवातीची रेषा ओलांडल्यावर मी वाटेत एक प्रवासी घेतला, आणि त्याच्या उड्यांच्या जोरावर चढणी चढून एकट्यांच्या गटाचं पदक घ्यायला निघाले. मी मुकाट्याने नाव मागे घेतलं तर क्लब याची वाच्यता करणार नाही. नाहीतर नाव काढून टाकण्यात येईल आणि तशी सूचना क्लबच्या पत्रकात छापली जाईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पत्रक कोण वाचतं? माझ्याकडे गाड्या सोडून जाणारेच वाचतात. हेस्टर प्रॉसर खोटं बोलते असं एकदा त्यात छापून आलं, की मी बेअरिंग गेलंय म्हटलं तरी लोक गाडी शेजारच्या गावात नेणार.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता 'थ्री कप्स'च्या माडीवर समिती बसली. खाली लोक बिअर पीत होते, वर कोळशाची शेगडी धूर ओकत होती, आणि टेबलापलीकडे मिस्टर पेग्लर, निब्लेट बंधू, मिसेस कलिमोर आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून विथी. मला कोणी बसायला सांगितलं नाही. मी बसले.

"मिस प्रॉसर, कोणाला घेतलं होतंत एवढंच सांगा," मिस्टर पेग्लर म्हणाले. "तरुण मंडळी आहेत, हौस असते, आम्ही समजू शकतो."

मी म्हटलं, मी छत्तीस वर्षांची आहे आणि मला कसलीही हौस नाही. कार्ड वाचा.

त्यांनी वाचली. निब्लेट बंधूंचं कार्ड सरळ होतं: गाडी चढली, चालक आणि मागे एक प्रवासी. मी विचारलं, कोण प्रवासी, कसा होता? थोरले निब्लेट म्हणाले, बसला होता. धाकटे म्हणाले, पाठ अगदी ताठ होती, चर्चमध्ये बसतात तशी. याहून जास्त त्यांना काही सांगता येईना.

मिसेस कलिमोर यांचं कार्ड: 'प्रवासी मागे उभा राहून उड्या मारत होता. टोपी नाही. अशा थंडीत अंगात कोट नाही.' त्यापुढे त्यांनी काहीतरी लिहून खोडलं होतं. काय खोडलंत असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं तो गातोय, पण तोंड फक्त उघडं होतं, म्हणून खोडलं.

मग विथीचं. मिस्टर पेग्लर यांना त्याचं अक्षर लागेना, म्हणून त्यालाच वाचायला सांगितलं. तो उभा राहिला.

"मागला माणूस पुढं वाकलेला," त्याने वाचलं. "दोन्ही हात बाईंच्या खांद्यावर. तोंड बाईंच्या कानाशी. बाई हसत होत्या."

मी हसत होते हे खरं होतं, आणि नेमकं तेच खरं असावं याचा मला भयंकर संताप आला. आता एवढ्या लोकांत मी कोणा उघड्या डोक्याच्या बाप्याला कानाशी लावून गावभर फिरते, असा त्याचा अर्थ. मी उठून उभी राहिले. "मिस्टर विथी," मी म्हटलं, "कार्ड लिहिण्याआधी सायडरचे किती पेले झाले होते?"

धाकटे निब्लेट फिसकन हसले. खालून चहाचा ट्रे घेऊन आलेली बाईही हसली, आणि ती जे ऐकेल ते सगळं गाव ऐकतं. विथीचे कान लाल झाले.

"मी घेत नाय, मिस," तो म्हणाला. "आमच्या घरात कोणीच घेत नाय. जे दिसलं ते लिहिलं."

तो बोलतोय ते खरं आहे हे मला माहीत होतं. दर रविवारी चॅपलमध्ये तो दारूबंदीच्या शपथेचं पुस्तक पुढे धरतो. पण मी मागे हटले नाही. उलट म्हटलं की मग चष्मा घ्या. आणि मिस्टर पेग्लर यांना ठणकावून सांगितलं, की येत्या शनिवारी सकाळी, उजेडात, मी लँटर्न पिच पुन्हा चढेन. एकटी. सीट काढून. आणि कार्ड याच माणसाच्या हातात हवं, दुसऱ्या कोणाच्या नाही, म्हणजे नंतर कोणी शंका काढायला नको. तो जे लिहील ते शेवटचं.

सगळ्यांनी मान डोलावली. विथी टोपी घालून, कोणाशी न बोलता जिना उतरून गेला. त्याची माफी मागायला हवी असं मला अर्ध्या वाटेत वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

४

बुधवारी मी शेडचं दार लावून पॉलीची मागची सीट काढली. बोल्ट गंजले होते. सीटखाली फक्त धूळ आणि डोराची एक केसांची पिन निघाली. आता मागे उघड्या फळ्या राहिल्या. पाट्यांचं एकेक पान सुटं करून, ग्रीस लावून पुन्हा बसवलं. मागच्या बंपरवर पाय देऊन दाबून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

मग चॅपलमागच्या उतारावर नेली. तो लँटर्न पिचच्या निम्म्यानेही उभा नाही. मी तोंड गच्च मिटून घेतलं होतं, आणि पॉली मध्यावर जाऊन चाकं फिरवत उभी राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हवा कमी केली, क्लच हळू सोडला, जे जे म्हणून मला येतं ते सगळं केलं. चौथ्या वेळी मी उतरले आणि त्या उताराकडे बघत राहिले. मी गाडीची भाषा जाणते. हलकी गाडी, रिकामी मागची बाजू, ओला चिखल: ही गाडी इथे चढणार नाही. मग लँटर्न पिच चढली कशी, हा प्रश्न ट्रायलच्या शनिवारपासून माझ्यासमोर होता आणि मी तो स्वतःला विचारला नव्हता. दैव म्हणा. दगड कोरडा असेल. सूर्य आला होता थोडा. अशी कारणं मी गिऱ्हाइकांकडून रोज ऐकते आणि एकावरही विश्वास ठेवत नाही.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला चहा घेऊन शेडमध्ये बसले होते. दार उघडं होतं, रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली, बाहेर लख्ख उजेड. पॉली समोर उभी, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला. मला स्वतःचीच चीड आली. छत्तीस वर्षांची बाई, वंगणाने माखलेली, आणि एका शब्दाला घाबरते. काय होणार आहे? काहीच होणार नाही, आणि मग हा मूर्खपणा कायमचा संपेल. मी कप खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आता."

पाटे वाजले. डोरासारखे धाडकन नाही. हळूच, लांब, कोणी दुसऱ्याच्या घरी संकोचाने बसावं तसे. कुईंऽऽ. मागचा भाग दोन बोटं खाली गेला आणि तिथेच राहिला.

मी घाबरले हे खरं आहे, पण त्याआधी मला राग आला, हेही तितकंच खरं आहे. माझी गाडी. माझी शेड. मला न विचारता, माझ्या नावावर, माझ्या पदकावर हा कोण बसलाय? मी म्हटलं, "उतर." मग मोठ्याने, "खाली उतर."

मी थांबले. बाहेर दूधवाल्याची गाडी वळली, घोड्याचे नाल वाजले, मग शांत झालं. भार उतरला की पाटे वर येताना एक छोटा टक असा आवाज होतो. तो झाला नाही. संध्याकाळपर्यंत झाला नाही. मी कुलूप लावून घरी आले.

शुक्रवारी सकाळी गाडीची मागची बाजू नेहमीच्या उंचीवर होती. मी फूटपट्टीने मोजली. एखादा पाटा अडकला असेल आणि रात्रीच्या थंडीत सुटला असेल. अडकतात कधी कधी.

५

शनिवारी दहा वाजता लँटर्न पिचच्या पायथ्याशी मी आणि मिस्टर पेग्लर. रात्री पाऊस पडून गेला होता आणि रस्त्याच्या मधोमध पाणी वाहत होतं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या उघड्या फळ्यांवर हात फिरवला, खाली वाकूनही पाहिलं. "कोणी नाही," असं त्यांनी मोठ्याने जाहीर केलं. मी आभार मानले, आणि त्या आभारात त्यांना काय हवं ते ऐकू येऊ दे. वर, दुसऱ्या वळणाच्या बांधावर विथी दिसत होता. इथून तो अंगठ्याएवढा होता, पण छातीशी धरलेलं कार्ड कळत होतं.

मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. चढली तर चढली. नाही चढली तर नाही. मी एकटीच होते, हे तरी सिद्ध होईल.

पण निघाल्यावर लक्षात आलं की ते सिद्ध होणार नाही. गाडी अडकली तर हे सगळे काय म्हणतील? बघा, तिचा माणूस नव्हता तर चढली नाही. म्हणजे त्या दिवशी होताच. पत्रकात छापून येईल ते हेच. मी खरं बोलले होते, आणि ते खरं ठरवायचा एकच रस्ता होता, तो म्हणजे वर पोहोचणं.

पहिलं वळण कसंबसं गेलं. दुसऱ्यावर मागची चाकं सुटली. तो आवाज मी झोपेतही ओळखीन, आधी इंजिन हलकं होतं, मग किंचाळतं. गाडी रांगायला लागली. बांधावर विथी दहा पावलांवर होता आणि माझ्याकडे बघत होता. एक हात रस्ता, मग अर्धा हात. पॉली थांबायला आली होती.

"आता!" मी ओरडले.

चुकून नाही. सवयीने नाही. मी बोलावलं.

आणि भार आला. फळ्यांवर दोन पाय आदळले, ते माझ्या पाठीच्या कण्याला जाणवले. पाटे किंचाळले, चाकांनी जमीन धरली, गाडीने अशी उसळी मारली की स्टिअरिंग हातातून निसटता निसटता राहिलं. पुन्हा आदळले. पुन्हा. डोराला कधी इतकं नेमकं जमलं नव्हतं. मग खांद्यांवर ऊब आली, दोन्हीकडे एकदम, आणि बोटं कोटावरून चाचपडत गळ्यापाशी येऊन थांबली. कानाशी कोणीतरी श्वास आत घेतला. फक्त आत. बाहेर सोडलाच नाही.

समोरच्या काचेवर चिखल उडाला होता. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा स्वच्छ होती, तिच्यात माझा गाल दिसत होता. आणि गालामागे एक तोंड. मिसेस कलिमोर म्हणाल्या तसं उघडं. आत दात नव्हते, जीभ नव्हती. मागचं कुंपण दिसत होतं, त्यावरची ओली पानं दिसत होती. मग चिखलाचा आणखी एक शिंतोडा आला आणि ती जागाही भरली.

मी थांबू शकले असते. पाय उचलायचा फक्त. मी उचलला नाही. दगडी पायरीवरून पॉली उडून वर माळावर आली तेव्हा मी हसत होते की रडत होते, मला खरंच सांगता येणार नाही.

६

विथी बांधावरून चालत माळावर आला, आणि त्याच्यामागून मिस्टर पेग्लर धापा टाकत वर आले. विथीच्या हातातलं कार्ड घेतलं, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याचा दात उपटणाऱ्या माणसाचा स्वतःचाच दात उपटला जावा तसा.

"एकच माणूस," त्यांनी वाचलं. "फक्त चालक. न थांबता." त्यांनी घसा साफ केला. "मिस प्रॉसर, क्लबतर्फे मी... झाल्या प्रकाराबद्दल आम्हाला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं."

त्यांनी खिशातून छापील कागद काढला. मी संपूर्ण चढण एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय चढले असं मी जाहीर करते. खाली सहीची रेघ. बॉनेट गरम होतं, त्यावर कागद ठेवून मी सही केली. मंगळवारी हे कोणी पुढे केलं असतं तर मी ताठ मानेने केली असती. आता अक्षर वाकडं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खोट्यावर सही केली, आणि नेमकी त्याच वेळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पदक वसंतातल्या जेवणाच्या वेळी देऊ, पत्रकात शुद्धीपत्र छापू, असं बरंच काही बोलून मिस्टर पेग्लर हात मिळवून खाली आपल्या गाडीकडे गेले. त्यांची पावलं चिखलात वाजत दूर गेली. माळावर वारा होता. विथी पेन्सिल पुसत होता.

मी म्हटलं, "मिस्टर विथी, मंगळवारी मी बोलले ते चुकीचं होतं. मी माफी मागते."

"चालायचंच," तो म्हणाला. "पण बायको बुधवारी दुकानात गेली तर दोघी-तिघी हसल्या. सायडर कसा लागला म्हणून विचारलं तिला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रडत आली घरी." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "म्हणून आज ठरवून आलो, की दिसतंय ते लिहायचं नाय. मिस जे म्हणतात ते लिहायचं. तुम्ही म्हणालात एकट्या. एकट्या लिहिलं."

माझे खांदे अजून उबदार होते. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आणि पाटे वर आल्याचा टक असा आवाज मी अजून ऐकला नव्हता. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या चौरस्त्यापर्यंत अकरा मैल होते.

"मिस्टर विथी," मी म्हटलं, "तो अजून आहे का?"

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. टोपी किंचित उचलली, ओळख नसलेल्या पाहुण्याला उचलतात तशी, आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"कार्डावर नाय, मिस," तो म्हणाला, आणि आपल्या मेंढ्यांकडे चालायला लागला.